क्लॅरेंडनमधलं गुऱ्हाळ

जमैकात बिबट्या नाही. विषारी सापही नाही. ही माहिती मी आप्पांना विमानात दिली होती, उतरल्यावर दिली होती आणि क्लॅरेंडन जिल्ह्यातल्या उसाच्या बांधावर उभं राहून पुन्हा दिली. तरीही आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी स्टीलच्या बाटलीवर घराची किल्ली बडवली आणि "हो ऽ हो ऽ, निघ तिकडं!" अशी खणखणीत हाळी दिली. शिरूर-दौंडच्या कोणत्याही माणसाने हेच केलं असतं. आपल्याकडे उसात बिबटे दडलेले असतात, शिरताना आवाज करायचा असतो, हे आता लहान मुलांनाही सांगावं लागत नाही. सोबतचे जमैकन शेतकरी मात्र जागच्या जागी थांबले. ही तुमची प्रार्थना का, असं एकाने अदबीने विचारलं. मी कारण सांगितलं. मग हसण्याचा असा गडगडाट झाला की उसातून खरोखरच काहीतरी पळालं. मुंगूस होतं.

"बघा," आप्पा म्हणाले, "व्हतं का न्हाई कायतरी?"

आमचा हा प्रवास गुळासाठी होता. राहू, तालुका दौंड, इथले गुऱ्हाळमालक बबनआप्पा. शिरूरमध्ये गुळाची पावडर करून पुण्याला पाठवणाऱ्या रूथताई. आणि दुभाषी म्हणून मी, मूळची निमोण्याची, पुण्यात एका वर्तमानपत्राच्या अर्थविभागात काम करणारी. शेतकऱ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून बोलावणं आलं होतं. क्लॅरेंडनमधल्या ऊस उत्पादकांच्या एका गटाला गूळ करायला शिकवायचं होतं. मला आणखी एका गोष्टीची ओढ होती. काही वर्षांपूर्वी जमैकावर देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळपास दीडपट कर्ज होतं. आज ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं आहे. मध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं, पण धोरण बदललं नाही. कार्यालयात बसून अशा गोष्टी तक्त्यात वाचायला मिळतात. तो तक्ता ज्यांच्या अंगावरून गेला, ती माणसं आता समोर भेटणार होती.

किंग्स्टन

विमान उतरतं तेव्हा दोन्ही बाजूंना समुद्र असतो आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी. समोर निळसर डोंगर इतके जवळ की शहर त्यांच्या पायाशी बसल्यासारखं दिसतं. रूथताईंनी खिडकीला नाक लावलं होतं. आप्पांनी डोळे मिटले होते. "टेकलं की सांग, पोरी," एवढंच ते म्हणाले.

आम्हाला न्यायला डेलरॉय आला होता. पन्नाशीचा, लांब बोटांचा, सतत गुणगुणणारा टॅक्सीवाला. त्याचं इंग्रजी पहिल्या दिवशी मला निम्मंच कळलं. शब्द ओळखीचे, पण ते इतक्या वेगाने आणि चढउतारांनी यायचे की अर्थ पुढच्या वळणावर पोचायचा. गाड्या मात्र आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात आणि हॉर्न आपल्याइतकाच वाजतो, त्यामुळे आप्पा पहिल्या दहा मिनिटांतच सैलावले.

डेलरॉय पूर्वी साखर कारखान्यात होता. काय काम, असं मी विचारलं. रसाचा पाक कुठपर्यंत आला, कधी दाणा धरतो, हे बघायचं काम.

"पॅनमन!" आप्पा मागच्या सीटवरून ओरडले. "माझा मेव्हणा पॅनमन व्हता. इचार त्याला, कारखाना सोडला का?"

"मी नाही सोडला," डेलरॉय म्हणाला. "त्याने मला सोडलं."

मग त्याने सगळी गोष्ट सांगितली. युरोप पूर्वी इथली साखर ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायचा. ती सवलत संपली. सरकारचे कारखाने तोट्यात होतेच. कर्जाखाली दबलेल्या सरकारने ते विकून टाकले. घेणाऱ्यांनी काही वर्षं चालवले आणि मग परवडत नाही म्हणून बरेचसे बंद केले. डेलरॉयला नुकसानभरपाई मिळाली, तिची ही टॅक्सी झाली. "सुधारणा म्हणतात त्याला," तो म्हणाला. "सुधारलो मी. पूर्वी उभा राहून काम करायचो, आता बसून करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला अॅकी खायला घातली. ताटात पिवळी, मऊ, मिरी घातलेली भाजी आणि तिच्यात खारवलेल्या माशाचे तुकडे. रूथताईंनी घास घेतला आणि निर्णय दिला, "अंडाभुर्जी आहे." ते फळ असतं, झाडावर आपोआप उघडल्याशिवाय ते विषारी असतं, असं डेलरॉयने सांगितल्यावर आप्पांचा चमचा हवेत थांबला.

"हे उघडलं व्हतं का, इचार."

"माझ्या बायकोने काढलंय," डेलरॉय म्हणाला. "तिला मी अजून हवा आहे, असं मी समजतो."

आप्पांनी ताट पुसून खाल्लं.

त्याच दिवशी जमीन खात्याच्या कार्यालयात मिस ग्रँट भेटल्या. गडद निळा पोशाख, टेबलावर एकही कागद नाही, वाक्यं मोजकी. आम्ही ज्यांना शिकवणार होतो त्या गटाची जमीन त्यांच्या अखत्यारीत होती. बंद कारखान्याची ऊसजमीन सरकारी आहे, शेतकरी ती भाडेपट्ट्याने कसतात. तो पट्टा आता संपत होता. नवा नियम असा की ज्याच्याकडे विकण्याजोगा माल आणि पक्कं गिऱ्हाईक, त्यालाच पट्टा. नाहीतर जमीन घरबांधणीसाठी जाते.

"मी शुक्रवारी येईन," त्या म्हणाल्या. "माल बघेन, गिऱ्हाईक बघेन आणि शिफारस लिहीन. एकदाच."

त्या लोकांना आणखी थोडी सवड देता येणार नाही का, असं रूथताईंनी माझ्याकरवी विचारलं.

मिस ग्रँट यांना राग आला नाही. "कर्ज उतरवायच्या वर्षांत आमचे पगार गोठवले होते," त्या म्हणाल्या. "दुकानातले भाव पुढे चालत होते, पगार जागेवर उभे होते. मी गाडी विकली. आई म्हणाली, सरकारी नोकरीत माणसं गाडी घेतात, तू विकतेस कशी? पण आमच्यापासून काही लपवलं नाही. बँकवाले, उद्योजक आणि कामगार संघटना यांची एक समिती होती. सरकारने कबूल केलेलं किती केलं, किती राहिलं, हे ती वरचेवर जाहीर करायची. रेडिओवर यायचं. आई मासे साफ करता करता ऐकायची आणि मंत्र्याच्या वाट्याचं मला बोलायची."

मी भाषांतर केलं. आप्पा लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजी सरकारवरच पाटकरी बसवला व्हय?" ते म्हणाले.

कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात किती गेलं, यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला आपल्याकडे पाटकरी म्हणतात, हे मी मिस ग्रँट यांना समजावून सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "बरोबर तेच. आणि पाटकऱ्याच्या मेहुण्यालाही जादा पाणी नाही. अपवाद करत करतच आम्ही खड्ड्यात गेलो होतो. त्यामुळे माझ्याकडे अपवाद नाहीत."

रविवार, क्लॅरेंडन

किंग्स्टनहून पश्चिमेला टोलचा गुळगुळीत रस्ता आहे. तो संपला की सपाट मैदान लागतं आणि नजर जाईल तिथवर ऊस. मध्येच कारखान्याची चिमणी. तिच्यातून धूर येत नव्हता आणि चिमणीच्या टोकाला गवत उगवलं होतं. बाजाराच्या गावाचं नाव मे पेन. तिथला चौक म्हणजे संध्याकाळचं कोरेगाव भीमा: रस्त्यावर आलेल्या हातगाड्या, मध्येच थांबणाऱ्या प्रवासी गाड्या, शहाळी, चपला, मोबाईलची कव्हरं आणि सगळ्यांचा एकाच वेळी चाललेला आवाज.

रविवार होता, म्हणून रूथताईंना चर्चला जायचं होतं. शिरूरला त्यांच्या घराण्यात चार पिढ्या ख्रिस्ती आहेत, उपासना कधी चुकत नाही. पांढरी साडी नेसून त्या पुढे आणि मागून आम्ही. आत बायकांच्या डोक्यावर टोप्या अशा की आप्पांना पुढचं काही दिसेना. उपासना सुरू झाली, आमच्याकडे दोन तास पुरतात त्याला इथे सकाळ पुरली नाही. मग एक गीत सुरू झालं. चाल कानावर पडताच रूथताई ताठ झाल्या आणि मोठ्याने मराठीत गाऊ लागल्या. तीच चाल शिरूरच्या चर्चमध्येही आहे. पुढच्या रांगा वळल्या. कुणीतरी टाळी धरली. दुसरं कडवं संपेपर्यंत अर्धं चर्च इंग्रजीत आणि एकट्या रूथताई मराठीत, आणि तरीही ऐकू येत होत्या त्याच.

उपासनेनंतर सूचनांची वेळ असते. एक धिप्पाड बाई उभ्या राहिल्या. जांभळी टोपी, साठी ओलांडलेली, आवाजाला माईकची गरज नाही. या मिस व्हर्ना, ऊस गटाच्या अध्यक्ष.

"भारतातून पाहुणे आलेत," त्यांनी जाहीर केलं. "शुक्रवारी मिस ग्रँट येणार. तेव्हा रस आटवायच्या काहिलीतून चांगला माल निघाला तर आपल्या वीस घरांचा ऊस राहील. नाही निघाला तर तिथे दुसऱ्यांची घरं होतील आणि आपण त्यांच्या अंगणातलं गवत कापू. पाहुण्यांसाठी प्रार्थना करा. आणि ज्यांच्याकडे सुकी लाकडं आहेत त्यांनी प्रार्थनेनंतर ती घेऊन या."

बाहेर पडल्यावर त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. "मिस्टर आप्पा, देशाचं कर्ज उतरलं, मला आनंद आहे. आता माझ्या हातून जमीनही उतरू देऊ नका म्हणजे झालं."

पिवळा गूळ

सोमवारी शेत पाहिलं, मुंगूस पाहिलं. मंगळवारी डेलरॉयने, तोही गटाचा सभासद होता, बंद कारखान्याच्या भंगारातल्या पत्र्याची जोडलेली काहील आणली. आपल्या काहिलीच्या निम्मी, पण जोड स्वच्छ. आप्पांनी ती बोटांनी वाजवून पाहिली आणि मान हलवली. रस काढायला चौकातल्या शहाळेवाल्याच्या शेजारच्या रसवंतीचं डिझेल यंत्र आलं. सुकी चिपाडं जळणाला. मिस व्हर्नांच्या परसात भेंडी लागलेली बघून आप्पांना हर्ष झाला. भेंडीचं चिकट पाणी उकळत्या रसात घातलं की घाण वर येते, मळी काढता येते आणि गुळाला रंग चढतो.

खरी अडचण दुसरीच निघाली. गुऱ्हाळात काहिलीजवळ एकच माणूस बोलतो, त्याला गुळव्या म्हणतात. जाळ वाढव, कमी कर, उतरव, सगळं त्याच्या तोंडून. इतरांनी गप्प राहायचं. मालकसुद्धा गप्प असतो. आप्पा मालकही आणि गुळव्याही, म्हणजे त्यांच्या गुऱ्हाळात तर सगळे दुप्पट गप्प. इथे गटातले सगळे काहिलीला खेटून उभे आणि प्रत्येकाला मत. जाळ जास्त आहे. नाही, कमी आहे. माझी आजी इथे आलं घालायची. तुझ्या आजीचा पाक कधी जमला होता का? कुणी चमचा बुडवतोय, कुणी चाखून शेजाऱ्याला देतोय.

"एका काहिलीवर इतकी तोंडं?" आप्पा कळवळले. "सांग त्यांना, गप ऱ्हावा म्हणावं. गूळ बिघडंल."

मी सांगितलं. मिस व्हर्ना म्हणाल्या, "आमच्या गटाचा नियम आहे, प्रत्येकाने बोलायचं. पूर्वी कारखान्यात साहेब एकटेच बोलायचे. कारखाना कुठे आहे ते येताना पाहिलंत ना?"

"आमच्या सोसायटीतबी समदे बोलत्यात," आप्पा म्हणाले. "ठराव मातर आधीच कुणाच्या तरी खिशात असतोय. काहिलीचं तसं न्हाई. तिला एकच मालक लागतो."

शेवटी आप्पांनी आपलंच चालवलं. मळी थराथराने काढली. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकला, बोटांनी गोळी वळली, वाटीच्या काठावर आपटली. टण्ण. "उतरवा!" काहील उतरली, पाक पसरट ट्रेमध्ये गेला आणि आप्पांनी तो लाकडी फळीने घोटला. जर्द पिवळा, सोन्यासारखा गूळ बसला. राहूच्या गुऱ्हाळातही रोज असा निघत नाही. मी टाळ्या वाजवल्या. रूथताईंनीही वाजवल्या. मग आमच्या लक्षात आलं की बाकी कुणी वाजवत नाहीये.

मिस व्हर्नांनी एक खडा तोंडात टाकला. डेलरॉयने टाकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गोड आहे," मिस व्हर्ना सभ्यपणे म्हणाल्या.

"आणि?"

"आणि काही नाही, डार्लिंग. नुसतं गोड आहे. साखरच जणू साबणाच्या रंगाची. आमच्याकडे आजीच्या वेळेपासून करतात ती काळी असते, ओलसर, जिभेला चावणारी. हॉटेलांचा खरेदीदार शुक्रवारी येतोय तो तीच मागायला. पांढऱ्या साखरेची बहीण त्याला दुकानात मिळते."

आपल्याकडे गुळाचा भाव रंगावर ठरतो. बाजारात ढेप फोडतात, रंग बघतात, मग चव. आप्पांनी आयुष्यभर जे रसातून बाहेर काढलं होतं, तेच या बाईंना हवं होतं. एवढ्या लांब येऊन, दौंडच्या माणसाच्या हातून होणारी ही एकच चूक त्यांनी अगदी मनापासून, उत्तम करून दाखवली होती.

मी भाषांतर केलं, जमेल तितकं मऊ. आप्पांचा चेहरा पडला नाही, बंद झाला.

"काळा गूळ," ते म्हणाले, "आमच्याकडं गुरांला घालत्यात."

आणि ते गाडीत जाऊन बसले.

तांदुळजा

संध्याकाळी मिस व्हर्नांच्या ओसरीवर जेवण होतं. बकऱ्याचा रस्सा, ज्याला ते करीच म्हणतात. पूर्वी मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांकडून तो या बेटावर आला आणि आता प्रत्येक लग्नात असतो. सोबत कंदाच्या पिठाची जाड भाकरी आणि कलालू नावाची पालेभाजी. रूथताईंनी पातेल्याचं झाकण उचललं आणि हाक मारली, "आप्पा, इकडे या! तांदुळजा आहे!" खरंच तांदुळजा होता, लसणाऐवजी मिरची आणि खोबरेल तेल.

आप्पा आले, खाली मान घालून जेवले. मिस व्हर्ना आत गेल्यावर रूथताई त्यांच्या शेजारी बसल्या.

"आप्पा, रुसायला आपण सासरी आलोय का?"

"रुसत न्हाई मी. पर माझ्या हातून काळा गूळ निघला, फोटू निघला, आन् राहूत पोचला तर? म्हणत्याल, बबन्याचा हात गेला."

"माझी पुण्याची गिऱ्हाइकं कुठला गूळ मागतात, माहीत आहे? काळपट. पिवळा दाखवला तर विचारतात, यात काय पावडर घातली?"

"ते पुण्याचं फ्याड."

"असू दे फॅड. ही बाई पुण्याची आहे का? तिच्या आजीचं आहे ते." रूथताईंनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? तुम्हाला रंगाचं दुःख नाही झालेलं. सगळ्यांनी मिळून नको म्हटलं, त्याचं झालंय. तुमच्या गुऱ्हाळात तुम्हाला कुणी नको म्हणतच नाही."

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मळी कमी काढली तर चव राहील," ते म्हणाले. "पर मग गोळीवर डोळा पायजे. काळ्या रसात पाक कुठवर आला ते दिसत न्हाई. एका वाफेचा जरी उशीर झाला का करपला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तिला इचार, ती आलं किती घालती."

बुधवार आणि गुरुवार या एका वाक्यावर चालले. काहील लागत होती, उतरत होती. पहिला माल ओलाच राहिला, चमच्याने खावा लागला. दुसरा करपला. त्या वेळी सगळे एकदम बोलत होते आणि आप्पा सगळ्यांवर ओरडत होते, मी दोन्ही बाजूंची भाषांतरं सोडून दिली होती. गुरुवारी दुपारी निघालेला माल तपकिरी, मऊ, आल्याचा झणका असलेला होता. मिस व्हर्नांनी तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आप्पांनी स्वतः मात्र तो चाखला नाही. पाहुणे समोर असताना मालकाने घास घेऊ नये, असं काहीतरी पुटपुटले.

शुक्रवार

मिस ग्रँट आल्या. हॉटेलांचा खरेदीदारही आला, बारीक चणीचा, घाम पुसणारा गृहस्थ. त्याने गुरुवारचा गूळ खाल्ला, मग पुन्हा खाल्ला आणि दर आठवड्याला किती देऊ शकाल, असं विचारलं. मिस व्हर्नांनी छाती फुगवली. मला वाटलं, संपलं.

मिस ग्रँट यांनी आप्पांकडे पाहिलं. "हे गृहस्थ रविवारी परत जाणार. सोमवारी गूळ कोण करणार?"

कुणीच बोललं नाही. त्या गटात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"काहील लावा," मिस ग्रँट म्हणाल्या. "माझ्यासमोर, पाहुण्यांशिवाय. त्यांनी बोलायचं नाही, खुणाही नाहीत. मी पाहुण्यांना पट्टा देत नाहीये, तुम्हाला देतेय."

काहील लागली. आप्पा, रूथताई आणि मी आंब्याच्या झाडाखाली उभे. रस तापला, फेस आला, मळी काढली, पण थोडीच. पुन्हा तोंडं सुरू झाली. जाळ कमी करा. नको. आलं आत्ता. नाही, उतरवताना. मिस व्हर्ना मध्यभागी, एकेकाला बोलायला लावत होत्या. डेलरॉय थंड पाण्याची वाटी घेऊन उभा होता. त्याने पहिली गोळी वळली. मऊ. दुसरी. तीही मऊ. काहिलीतला आवाज बदलला, बुडबुडे जड झाले. आता मलाही कळत होतं की वेळ जवळ आली आहे. आप्पांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ते एक पाऊल पुढे गेले.

"आप्पा," रूथताई म्हणाल्या.

आप्पा थांबले. मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्याही गुऱ्हाळात पाहिलेलं नाही. त्यांनी काहिलीकडे पाठ केली. हात मागे बांधले आणि समोरच्या उसाकडे बघत उभे राहिले. तोंडावरून कुणाला काही कळू नये म्हणून.

"आत्ता उतरवायची, असं म्हणणारे?" मिस व्हर्नांनी विचारलं. निम्मे हात वर गेले.

"थांबायचं म्हणणारे?" उरलेले निम्मे.

सगळे मिस व्हर्नांकडे बघत होते. मिस व्हर्ना आप्पांच्या पाठीकडे बघत होत्या. पाठ हलली नाही.

"डेलरॉय?"

डेलरॉयने गोळी वळली, वाटीच्या काठावर आपटली, कान लावला. "मी कारखान्यात असतो तर थांबलो असतो," तो म्हणाला. "पण हे लोखंड उतरवल्यावरही तापलेलं राहतं. मी आत्ता म्हणेन."

"मग मीही आत्ता म्हणते. उतरवा!"

चौघांनी बांबू घातले, काहील उचलली, पाक ट्रेमध्ये ओतला. मिस व्हर्नांनी फळी घेतली आणि घोटायला लागल्या, खांद्यापासून, आप्पा घोटतात तसं. टोपी पडली, ती कुणी उचलली नाही. पाक फिरत राहिला, चमकत राहिला. मग हळूहळू चमक गेली, कडा जड झाल्या, फळीमागे रेघ उमटली आणि ती रेघ भरून आली नाही.

"बसला का?" आप्पांनी न वळता विचारलं.

"बसला, आप्पा," मी म्हणाले.

मिस ग्रँट यांनी बोटाने दाबून पाहिलं. खरेदीदाराने खडा तोडला आणि नुसती मान हलवली. मिस ग्रँट यांनी पर्स बंद केली आणि त्याच मोजक्या आवाजात सांगितलं की त्या पट्ट्याची शिफारस करणार आहेत, आणि हा अपवाद नाही, नियमाप्रमाणेच आहे. नंतरचा गोंगाट शब्दांत लिहिता येणार नाही. डेलरॉयने मला उचलून घेतलं. रूथताईंना बायकांनी घेरलं आणि कुणीतरी ते रविवारचं गीत सुरू केलं.

आप्पा ट्रेजवळ आले. कोपऱ्यातला एक खडा तोडला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच काळा गूळ तोंडात टाकला. सगळे थांबले. त्यांनी तो सावकाश विरघळू दिला.

"एक वाफ जास्त झाली," ते म्हणाले.

"काय म्हणतात?" मिस व्हर्नांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी घाम पुसला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि आप्पांकडे गंभीरपणे पाहिलं.

"त्यांना सांगा, सोमवारच्या बैठकीत मांडू. बहुमत झालं तर बदलू."